सतरावं वाक्य

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी, सहावा मजला सोडून पाचवा यायच्या बेतात असताना, लिफ्ट मध्येच थांबली आणि वीतभर खाली घसरली. वीतभरच; अंधारात जिना उतरताना एखादी पायरी चुकावी तेवढंच. पायाखालची जमीन सरकली असं माणसं उठल्यासुटल्या म्हणतात, त्यानेही आयुष्यात दहा वेळा म्हटलं असेल, पण ती खरोखर सरकते तेव्हा तोंडातून काहीच निघत नाही हे त्याला त्या क्षणी कळलं. हातातली डब्याची पिशवी आतल्या कठड्यावर आपटली. दिवा एकदा मिचकला. मग छताच्या जाळीतून एका बाईचा मऊ, अजिबात न घाबरलेला आवाज आला, ‘आपल्या सोयीसाठी यंत्रणा क्षणभर थांबली आहे. कृपया निश्चिंत असावे.’ आणि गंमत म्हणजे तो खरंच निश्चिंत झाला. दोन श्वास गेले असतील नसतील, तेव्हा त्याला आठवलं की हे वाक्य आपणच लिहिलेलं आहे. अकरा वर्षांपूर्वी, ऑफिसातल्या खिडकीजवळच्या टेबलावर, दोन चहांच्या मध्ये. लिफ्ट अडकली की गिऱ्हाईक घाबरतं, त्याच्या कानावर काहीतरी पडलं पाहिजे, असं मोठे साहेब म्हणाले होते. तो खाली मिस्त्र्यांच्या खोलीत गेला होता, लिफ्ट मध्येच का थांबते म्हणून विचारलं होतं, आणि त्यांनी बोटांवर मोजत तेरा कारणं सांगितली होती. पहिलं कारण विजेचा दाब कमी होणं, तेरावं ब्रेक घसरणं. त्याने तेरांना पुरेल असं एकच वाक्य केलं. टेलिफोनवर बसणाऱ्या बाईंनी ते एका दमात वाचून दिलं, चष्मा काढला आणि विचारलं, पण थांबली का, ते कुठे आलंय यात? तो नुसता हसला होता. त्या बाई जाऊन चार वर्षं झाली. चारशे इमारतींमध्ये त्या अजून लोकांना धीर देत होत्या.

लिफ्ट पुन्हा चालू झाली, तळमजल्याला लागली, बाहेरचं काचेच्या पट्टीचं दार त्याने ढकललं आणि तो रस्त्याला लागला. रस्त्यात त्याला पुन्हा पुन्हा आठवत होता तो फोरमन. कंपनीत तो लागला तेव्हा लिफ्टच्या देखभालीचा सगळा कारभार त्या एका माणसाच्या हातात होता. तोंडाचा फाटका, कानामागे पेन्सिल, आणि खिशात चौकोनी वही. इमारतीची लिफ्ट तपासून झाली की वहीतलं पान फाडून तो तिथल्या तिथे गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. ‘ठीक आहे.’ ‘तेल कमी, उद्या घालतो.’ ‘ब्रेक गेला. बंद करा. माणूस मरेल.’ पाल्हाळ नाही, तारीख आणि सही. एका मोठ्या गिऱ्हाइकाला ते ‘माणूस मरेल’ झोंबलं. त्यांनी करार मोडला आणि जाताना कळवलं की आपल्याशी या भाषेत बोललेलं त्यांना चालत नाही. तेव्हा मोठ्या साहेबांनी त्याला बोलावलं, कारण त्याचं अक्षर चांगलं होतं आणि स्वभाव नरम. त्याने फोरमनचं पान समोर ठेवून पहिलं पत्र लिहिलं, ‘ब्रेकच्या स्थितीबाबत यथावकाश विचार होणे हितावह ठरेल, असे नम्रपणे सुचवावेसे वाटते.’ गिऱ्हाईक परत आलं. त्याला खुर्ची मिळाली, मग खोली मिळाली. फोरमनने ते पत्र दोनदा वाचलं होतं, मान वाकडी करून, आणि विचारलं होतं, ‘हे वाचून तू लिफ्ट बंद करशील?’ तो म्हणाला, पत्रात सौजन्य लागतं. ‘सौजन्य माझ्याकडेही आहे,’ फोरमन म्हणाला, ‘पण ते मी ब्रेकला लावत नाही.’ दोन वर्षांनी फोरमन निवृत्त झाला. निरोपाचं भाषण यानेच लिहून दिलं होतं, आणि त्यात त्याच्या कामाबद्दल एकही शब्द नव्हता.

नंतर पत्रंही गेली आणि वाक्यं आली. मिस्त्र्यांनी आता काही लिहायचं नाही, फोनवर नुसता आकडा निवडायचा. आकड्यासमोरचं वाक्य आपोआप गिऱ्हाइकाकडे जाणार. बत्तीस वाक्यं. बत्तीसही त्याचीच. ऑफिसात त्याला कुणी नावाने हाक मारत नसे, वाक्यवाले म्हणत, आणि त्याला ते आवडायचं. यातलं चौथं म्हणजे सगळं ठीक. नववं म्हणजे दार करकरतंय. सतरावं त्याने खास साहेबांच्या सांगण्यावरून केलं होतं: ‘यंत्रणा निरीक्षणाखाली असून तिच्या कार्याबाबत आपणांस वेळोवेळी अवगत केले जाईल.’ भाग बदलायला हवा पण गिऱ्हाईक अजून हो म्हणालेलं नाही, अशा जागी ते वापरायचं. नरो वा कुंजरो वा. खोटं बोललो असं उद्या कुणी म्हणायला नको, आणि खरं बोललो असंही. पण झालं असं की सतराव्या वाक्यावर कुणी उलट प्रश्न विचारत नाही हे मिस्त्र्यांच्या लक्षात आलं. चौथं पाठवलं आणि उद्या काही झालं तर मान अडकते. नववं पाठवलं तर दार दुरुस्त करा म्हणून फोन येतो. सतराव्याला फोन नाही, मान नाही. हळूहळू सगळेच सतरावं पाठवायला लागले. चांगल्या लिफ्टलाही सतरा, वाईट लिफ्टलाही सतरा. त्याला हे माहीत होतं. महिन्याच्या बैठकीत त्याने ते एकदा सांगितलंही होतं, आणि तक्रारी कमी झाल्याबद्दल सगळ्यांनी त्याचं अभिनंदन केलं होतं.

ऑफिसात पोहोचताच त्याने स्वतःच्या इमारतीची नोंद काढून पाहिली. आधीची दोन वर्षं चार, चार, चार. मग गेले चार महिने सतरा. तो त्या आकड्याकडे पाहत बसला. हेच वाक्य तळमजल्याच्या फळ्यावर चार महिने लागलं होतं, येता-जाता त्याला दिसत होतं, आणि दर वेळी त्याला वाटलं होतं की बरं जमलंय. आता तो ते पहिल्यांदा वाचत होता, ज्याच्या घरात आई आहे अशा माणसासारखा, आणि त्यातून त्याला काही म्हणजे काही कळत नव्हतं. उद्या सकाळी नऊ वाजता आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. पाच महिने वाट पाहून मिळालेली तारीख. आठवा मजला, आईचे गुडघे गेलेले, म्हणजे लिफ्टशिवाय गत्यंतर नाही. तो उठून देखभाल विभागाच्या साहेबांकडे गेला. त्यांनी त्याला बसवलं, चहा मागवला, आईची चौकशी केली, आणि लिफ्टचं विचारल्यावर म्हणाले की त्या बाबीकडे आपलं लक्ष आहे. लक्ष आहे म्हणजे काय, त्याने विचारलं. म्हणजे ती बाब विचाराधीन आहे, ते म्हणाले. ते चेष्टा करत नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावर माया होती, आणि तोंडातून एकामागून एक त्याचीच वाक्यं बाहेर पडत होती, बावीस, अकरा, सहा. त्याला वाटलं की आपण यांना हलवावं, खांदे धरून, म्हणजे आत कुठे अडकलेला माणूस खाली पडेल. शेवटी ते म्हणाले, तुम्ही रीतसर विचारणेचा अर्ज भरा, उत्तर मिळेल.

त्याने अर्ज भरला. दुपारी चार वाजता तो अर्ज त्याच्याच टेबलावर आला. अर्थात येणारच, गिऱ्हाइकांच्या सगळ्या चौकशांची उत्तरं तोच तयार करायचा. त्याने स्वतःचं नाव वाचलं, स्वतःचा पत्ता वाचला, ‘लिफ्ट सुरक्षित आहे का?’ हा स्वतःचा प्रश्न वाचला. खोलीत पंख्याचा आवाज होता. बोटं आपली आपण चालू लागली: ‘आपण व्यक्त केलेल्या चिंतेची आम्ही आपुलकीने दखल घेतली आहे.’ त्याने ते छापून काढलं, कागद उचलला, वाचला, आणि छातीवरचा दगड उतरल्यासारखं त्याला बरं वाटलं. कुणीतरी दखल घेतली होती. खाली सही होती ती आपलीच, हे दिसायला त्याला मिनिटभर लागलं. मग तो मोरीत जाऊन उभा राहिला आणि नळ सोडून बराच वेळ नुसता पाण्याकडे पाहत राहिला.

त्यांच्या इमारतीची लिफ्ट पाहणारा मिस्त्री त्याच फोरमनच्या हाताखाली तयार झालेला, आता पन्नाशीचा. त्याला फोन करून त्याने संध्याकाळी सहाला गच्चीवर, लिफ्टच्या मशीनच्या खोलीत, बोलावून घेतलं. एरवी मिस्त्री लोकांशी त्याचा संबंध यायचा तो आकड्यांतूनच. मिस्त्री अवजारांची जड पेटी घेऊन आला, खोली उघडून दिली आणि बाजूला उभा राहिला. कानामागे पेन्सिल होती. लिहायचं काही उरलं नव्हतं तरी ती होती. खोलीत गरम तेलाचा वास होता. मोठं चाक थांबलेलं, दोर खाली अंधारात गेलेले. कुणीतरी खालच्या मजल्यावर बटण दाबलं, खट्‌ झालं, चाक फिरलं, थांबलं, आणि थांबल्यावर पुन्हा बोटभर मागे गेलं. त्याने मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्री चाकाकडे पाहत नव्हता, त्याच्या तोंडाकडे पाहत होता. लिफ्ट कशी आहे, त्याने विचारलं.

‘निरीक्षणाखाली आहे, साहेब.’

ते मला सांगू नकोस, तो म्हणाला, ते मीच लिहिलंय. उद्या माझी आई त्यातून जायची आहे. तुझी आई असती तर तू बसवली असतीस का? मिस्त्रीने पेटी या हातातून त्या हातात घेतली. हा माणूस आपल्याला घाबरतोय, हे त्याला आत्ता कळत होतं. गेल्या वर्षी एका मिस्त्रीने एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला तोंडी सांगितलं होतं की बाबा, वापरू नका. त्या मिस्त्रीला कामावरून काढल्याचं पत्र यानेच लिहिलं होतं. फार सुंदर पत्र होतं ते. वाचून तो मिस्त्री दुसऱ्या दिवशी कामावर आला होता, त्याला काढलंय हे त्याला समजलंच नव्हतं. फाटकावर चौकीदाराला सांगावं लागलं.

मग बंद कर, तो एकदम म्हणाला, इथून खटका ओढ आणि बंद कर. मिस्त्री म्हणाला की बंद करायला कागद लागतो. कागद तुम्ही लिहिता. आणि तुमच्या बत्तिसात ‘बंद करा’ असं वाक्यच नाही, आम्ही सगळ्यांनी शोधलंय. हे बोलताना त्याच्या आवाजात राग नव्हता, हरवलेली किल्ली शोधून थकलेल्या माणसाचा तो आवाज होता. मग त्याने कानामागची पेन्सिल काढली, वरच्या खिशातून एक चौकोनी वही काढली. कोपरे झिजलेली, फोरमनचीच असावी. ती पुढे केली.

‘लिहा साहेब. दोन शब्द. खाली सही. मी आत्ता ओढतो.’

त्याने वही गुडघ्यावर धरली. दोन शब्द. ते दोन शब्द त्याला स्पष्ट दिसत होते, फोरमनच्या आडव्या अक्षरात. आणि त्यांच्यामागे एक लांबलचक रांगही दिसत होती. तेहतिसावं वाक्य एकदा लिहिलं की कुणीतरी विचारणार, मग बाकीच्या चारशे इमारतींचं काय? सतरा म्हणजे नक्की काय होतं? आणि ते लिहिलं कुणी? पेन्सिल कागदावर टेकली. ‘लिफ्टच्या’ एवढं उमटलं. मग हात सवयीच्या रस्त्याला लागला, त्याला तो थांबवता आला असता, आणि त्याने थांबवला नाही. हे त्याला नंतर नीट आठवत होतं. तीन ओळी झाल्या. त्याने सही केली. मिस्त्रीने वही दाराशी, उजेडात नेऊन वाचली. पान उलटून मागे काही आहे का ते पाहिलं.

‘हे सतराच आहे, साहेब,’ तो म्हणाला.

त्याने वही मिटली, खोलीला कुलूप घातलं, पेटी उचलली. नवव्या मजल्यावर लिफ्ट उघडीच उभी होती, आत दिवा होता. मिस्त्री तिच्यासमोरून गेला आणि जिना उतरू लागला. वीस-पंचवीस किलोंची पेटी असेल. प्रत्येक पायरीवर आतली अवजारं खुळखुळत होती. नऊ मजले. तो कठड्याला धरून तो खुळखुळाट खाली खाली जाताना ऐकत राहिला, अगदी रस्त्यावरचं दार आपटेपर्यंत. एवढं स्वच्छ उत्तर त्याला कित्येक वर्षांत कुणी दिलं नव्हतं.

घरी आला तेव्हा आई खिडकीजवळ बसली होती. डोळ्यांत थेंब घातलेले, त्यामुळे मान वर. तिला आता माणसं आकारांवरून ओळखू यायची आणि आवाजांवरून. कोण रे ते, उशीर केलास, ती म्हणाली, आणि तुझा आवाज असा का येतोय, पडलास का कुठे? आईचं सगळं असंच, एक घाव दोन तुकडे. मोठे साहेब एकदा घरी जेवायला आले होते आणि बोलत बसले होते, तेव्हा आईने त्यांना सांगितलं होतं, आता तुम्ही निघा, मला झोप येतेय. साहेब हसत उठले होते. तो मात्र लाजेने अर्धमेला झाला होता आणि दुसऱ्या दिवशी त्याने त्यांना एक चिठ्ठी लिहिली होती. लहानपणी शाळेत नापास झाला तेव्हा त्याने घरी सांगितलं होतं की निकाल अजून तसा लागायचाय. आईने त्याच्या हनुवटीला धरून तोंड वर केलं होतं आणि म्हणाली होती, ताकाला जाऊन भांडं लपवू नये. मग जेवायला वाढलं होतं. त्या हाताचा दाब हनुवटीवर अजून होता, असं त्याला कधीकधी वाटायचं.

जेवताना त्याने बायकोला सांगायचं ठरवलं. बायको एका शाळेच्या कचेरीत होती, दिवसभर पालकांशी बोलून दमलेली. लिफ्टबद्दल जरा, तो म्हणाला, म्हणजे उद्याच्या दृष्टीने, एकूण परिस्थिती पाहता. ती पाण्याचा घोट घेत थांबली. पुढे काही येईना, तेव्हा तिने म्हटलं की तुमच्या म्हणण्याची नोंद घेतली आहे. हा त्यांच्यातला जुना विनोद होता. लग्नानंतर पाच-सहा वर्षांनी तिने त्याला चिडवायला तो सुरू केला होता, तेव्हा दोघं हसायची. मग हसणं थांबलं, वाक्य राहिलं. त्याला आठवेना, ती शेवटचं कधी रडली होती, किंवा कशावरून भांडली होती. काही वर्षांपूर्वी एकदा ती दोन बॅगा भरून दारात उभी होती आणि त्याने काहीतरी फार समंजस बोलून तिला थांबवलं होतं; काय बोललो ते त्याला आठवत नव्हतं, आणि ती का थांबली हे त्याने विचारलं नव्हतं. सकाळी मी लवकर पुढे जाते, ती म्हणाली, हॉस्पिटलात नंबर लावून ठेवते, तुम्ही आईंना घेऊन या. तो बरं म्हणाला.

सकाळी तो अंघोळीला असताना त्याला बाहेरचं दार लागलेलं ऐकू आलं, आणि मग लिफ्टचं. त्याच्या कानांत साबण होता. त्याने तसाच हात भिंतीवर टेकला. मोरीच्या भिंतीपलीकडेच लिफ्टचा खड्डा होता. आतापर्यंत कधी लक्षात न आलेला तो आवाज आता अंगावरून गेल्यासारखा वाटला. सातवा मजला, छताच्या जाळीतल्या बाई म्हणाल्या. सहावा मजला. पाचवा मजला. धावत जाता आलं असतं. ओरडता आलं असतं. तो साबणाच्या फेसात उभा राहून मोजत राहिला. तळमजला, असं अगदी खोलवरून आलं, आणि त्याने श्वास सोडला. आणि त्या सोडलेल्या श्वासात त्याच्या मनात पहिला विचार आला तो बायकोचा नव्हता. तो असा होता, की म्हणजे वाक्य तसं काही चूक नाही. हा विचार आपल्याला आला याची त्याला इतकी शरम वाटली की त्याने पाणी डोक्यावर ओतलं ते थंड आहे हेही त्याला समजलं नाही.

साडेआठला तो आईला घेऊन दाराबाहेर पडला. आईने तिचा निळा स्वेटर घातला होता. वरच्या मजल्यावरच्या शिलाईवाल्या बाईंनी परवाच त्याच्या बाह्या आखूड करून दिल्या होत्या, पैसे घेतले नव्हते. त्या बाई एकट्या राहायच्या, रोज सकाळी शिवलेल्या कपड्यांचं गाठोडं घेऊन खाली जायच्या, आणि गुणगुणायच्या. गेल्या आठवड्यात त्यांनी त्याला जिन्याशी अडवून विचारलं होतं, ‘तुम्ही त्याच ऑफिसातले ना, मग खरं सांगा, बरी आहे ना ही लिफ्ट? मला आपलं दचकायला होतं.’ फळ्यावर पत्र आहे की, तो म्हणाला होता. आणि आता लिफ्ट नवव्यावरून खाली आली, थांबली, काचेच्या पट्टीतून त्यांचाच चेहरा दिसला. त्यांनी दार ढकलून धरलं. या आजी, जागा आहे, गाठोडं मी पोटाशी घेते. आईने पाऊल उचललं.

त्याने आईचा दंड धरला. आपण जिन्याने जाऊ, तो म्हणाला. जिन्याने? आई म्हणाली. आठ मजले? माझे गुडघे तू दिलेस का बदलून? मी उचलून नेतो, तो म्हणाला. आईने तोंड त्याच्या आवाजाकडे वळवलं. लिफ्ट बिघडलीय का? तिने विचारलं, आणि शिलाईवाल्या बाईंनीही त्याच्याकडे पाहिलं. गाठोडं छातीशी धरून, भुवया वर करून, त्या वाट पाहत होत्या. आत्ता. एक शब्द. त्याने तोंड उघडलं. खाली तळमजल्याच्या फळ्यावर तो कागद होता, सही होती, चारशे इमारती होत्या. ‘नाही, तशी,’ तो म्हणाला, ‘निरीक्षणाखाली आहे.’ बाई हसल्या. म्हणजे आजींना व्यायाम, असं म्हणून त्यांनी दार सोडलं. काचेतून त्यांचं कपाळ, मग केस, मग काहीच नाही.

त्याने आईला पाठीवर घेतलं. ती किती हलकी झाली होती, स्वेटरात नुसती हाडं. पायरी पायरी करत तो उतरू लागला. भिंतीच्या पलीकडून लिफ्ट रखडत रखडत, त्यांच्या बरोबरीने उतरत होती, आणि बाईंचं गुणगुणणं कधी वर, कधी शेजारी. सातवा मजला, जाळीतल्या दुसऱ्या बाई म्हणाल्या. लिफ्ट सातव्यावर थांबली, दार उघडलं, कुणी नव्हतं, लागलं. आईचं तोंड त्याच्या कानाशी होतं.

‘मोडलीय ना ती?’

‘हो,’ तो म्हणाला. इतका लहान शब्द होता तो. बोलायला काहीच लागलं नाही. आभाळ कोसळलं नाही, जिना जिथे होता तिथेच होता.

‘मग त्या बाईला सांगितलंस का रे?’

तो उतरत राहिला. सहावा मजला गेला. आईची बोटं त्याच्या खांद्यावर घट्ट होत गेली. ते पाचव्यावर पोहोचले तेव्हा भिंतीपलीकडे खट्‌ झालं, दोर कण्हल्यासारखे वाजले, आणि गुणगुणणं मध्येच तुटलं. काचेच्या पट्टीत उजेड होता. लिफ्ट मजल्याच्या वीतभर खाली थांबली होती, आणि पट्टीच्या खालच्या अर्ध्या भागात शिलाईवाल्या बाईंचा चेहरा होता, वर पाहणारा. त्यांनी काचेवर टकटक केलं. काय झालंय हो, त्यांचा आवाज दारामागून बारीक आला, तुम्ही आहात ना तिथे? सांगा ना, काय झालंय?

तो दारापर्यंत गेला, आईला पाठीवर घेऊन, कपाळ काचेला टेकवलं. ‘काही नाही,’ तो म्हणाला, ‘घाबरू नका. आपल्या सोयीसाठी—’ आणि छताच्या जाळीतून त्या गेलेल्या बाईंनीही तेच सुरू केलं, त्याच्याबरोबर, शब्दाला शब्द, त्याच संथपणे. आतून बाईंचे घाबरलेले डोळे शांत होऊ लागलेले त्याने पाहिले. काचेवरचा हात खाली गेला.

तेव्हा मागून आईचा हात आला. चाचपडत, गालावरून, नाकावरून, आणि तिने त्याचं तोंड दाबून धरलं. तळव्याला डोळ्यांच्या औषधाचा वास होता. त्याच्या कानाला दडे बसतील अशी ती ओरडली, त्या बारीक, फाटलेल्या आवाजात, ‘अगं, मोडलीय ती! जोरात ढकल दार, आणि बाहेर ये. आत्ता!’

आत धांदल झाली. आतलं जाळीचं सरकतं दार खरखरत मागे गेलं, बाहेरच्या दाराला आतून धक्का बसला, तो मागे सरकला, आणि फटीतून आधी गाठोडं बाहेर पडलं, मग कोपर, मग गुडघा, मग बाई, हातापायांवर, फरशीवर. त्या बसल्या आणि त्याच्याकडे पाहू लागल्या, रागाने नाही, न समजून. त्यांच्या मागे लिफ्ट, दारं उघडी, दिवा चालू, अजून वीतभर खाली सरकली. मग हातभर. मग त्यांच्या डोळ्यांदेखत तिचं छत खाली गेलं, आणि उघड्या दारात नुसते दोर राहिले, एकसारखे धावणारे, आणि खालून, दूर जात जात, त्या गेलेल्या बाई रिकाम्या लिफ्टला धीर देत राहिल्या. आईने त्याच्या तोंडावरचा हात काढला नव्हता. त्या तळव्याखाली त्याचे ओठ अजून हलत होते, ते वाक्य पुरं करत.